कोयना धरणाचे दप्तर : वृद्ध होत जाणाऱ्या बांधकामाची तपासणी व नोंद

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा विचार निघाला की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची नावे प्रारंभीच घ्यावी लागतात. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या पहिल्या खंडातील कागद वाईस मिळाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरातून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. पारसनिसांनी साताऱ्यास कागदपत्रांचा व वस्तूंचा मोठा संग्रह जमविला. या मंडळींनी मराठी अभ्यासकांना एक शिस्त लावून दिली. घटना घडून गेल्यावर रचलेल्या बखरीपेक्षा घटना घडत असताना, तिचा शेवट काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाने लिहिलेला कागद अधिक मोलाचा, ही ती शिस्त होय. याच दोन जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी एक दप्तर निर्माण झाले आहे. ते धरणांच्या कचेऱ्यांत आहे. पाण्याची पातळी, गळतीचे मोजमाप, दरवाजांच्या हालचाली, भूकंपमापकांचे आलेख आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर होणाऱ्या तपासण्यांचे अहवाल हे त्याचे स्वरूप. स्थापत्यशास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात. इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष मात्र तिकडे फारसे गेलेले नाही. वस्तुतः बखर आणि रोजनिशी यांतील भेद जितक्या तीव्रतेने येथे जाणवतो तितका तो क्वचितच अन्यत्र जाणवेल; कारण येथे नोंद खरी की खोटी, पुरी की अपुरी, यावर नदीकाठच्या गावांचे जीवित अवलंबून असते.

बांधकामाचे वार्धक्य ही कल्पना काटेकोरपणे मांडण्याचे श्रेय धरणविद्येपेक्षा विमानविद्येकडे अधिक जाते. १९५४ सालच्या जानेवारीत व एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. त्यानंतर इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे त्याच जातीच्या एका विमानाचे धड पाण्याच्या हौदात ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब भरण्यात व सोडण्यात आला. प्रत्यक्षातील व प्रयोगातील मिळून सुमारे तीन हजार उड्डाणांइतका ताण सोसल्यावर ते धड खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटले. धातूचे वय वर्षांवर नव्हे, तर त्याने किती वेळा ताण घेतला व सोडला यावर ठरते, हे त्या प्रयोगाने सर्वमान्य केले. मुंबईलाही या धातूच्या थकव्याचा दारुण अनुभव आला आहे. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मद्रासकडे निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या एंजिनातील एक चकती अशाच भेगेमुळे फुटली, आग लागली आणि विमानातील ९५ माणसे प्राणास मुकली. पुढे २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका एकोणीस वर्षांच्या बोइंग विमानाच्या धडाचा वरचा भाग उड्डाणात उखडला गेला. त्या विमानाची जवळजवळ नव्वद हजार उड्डाणे झाली होती. एक परिचारिका दगावली, बाकीचे उतारू आश्चर्यकारकरीत्या बचावले. या अपघातानंतर अमेरिकेत १९९१ साली कायदा झाला. चौदा वर्षांपेक्षा अधिक सेवा झालेल्या प्रवासी विमानाची प्रत्यक्ष तपासणी आणि त्याच्या दुरुस्तीच्या कागदांची तपासणी या दोन्ही गोष्टी त्याने सारख्याच आवश्यक ठरविल्या. कागदाला यंत्राच्या बरोबरीचे स्थान देणारी ही तरतूद लहान वाटली तरी तिचा आशय मोठा आहे. ज्या भागाचा इतिहास सांगता येत नाही तो भाग डोळ्यांना निर्दोष दिसला तरी निर्दोष मानता येत नाही, असा तो आशय होय.

धरणाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच बिकट असते. विमान एका दिवसात अनेकदा ताण घेते, म्हणून त्याच्या दोषांचा अनुभव लवकर जमा होतो. सह्याद्रीतील धरण वर्षातून एकदाच भरते आणि एकदाच उपसले जाते. श्रावण-भाद्रपदात तलाव भरतो, ज्येष्ठात तळाकडे जातो. हे त्याचे एक आवर्तन. साठ वर्षांत अवघी साठ आवर्तने होतात, आणि तेवढ्या काळात त्याची देखरेख करणाऱ्या अभियंत्यांच्या दोनतीन पिढ्या निवृत्त होऊन जातात. शिवाय विमान संशय येताच जमिनीवर ठेवता येते, तसे धरणाला ठेवता येत नाही. तेव्हा एका पिढीने पाहिलेली भेग दुसऱ्या पिढीस केवळ कागदावरूनच कळू शकते.

कोयनेच्या विजेची कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास टाटांनी या खोऱ्याचा विचार केला होता, परंतु तो तडीस गेला नाही. स्वातंत्र्यानंतर योजना सरकारने हाती घेतली. पाटण तालुक्यात धरणाचे काम १९५४ साली सुरू झाले आणि १९६३-६४ च्या सुमारास ते पूर्ण झाले. पायापासून १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरांहून अधिक लांब असे हे भारस्थायी धरण आहे. मोठाले दगड काँक्रीटमध्ये बसवून त्याची छाती रचलेली आहे आणि ती सुमारे पंधरा मीटर रुंदीच्या उभ्या खंडांत विभागलेली आहे. मधल्या भागात सांडवा असून त्यास सहा वक्राकार दरवाजे आहेत.

या धरणाच्या आकृतीत एक विशेष आहे आणि पुढील साऱ्या इतिहासाचे बीज त्यात आहे. धरण दोन टप्प्यांत, आधी कमी उंचीपर्यंत व नंतर पूर्ण उंचीपर्यंत, बांधावे असा मूळ बेत होता. काम चालू असताना तो बदलला आणि एकाच टप्प्यात पूर्ण उंची गाठावयाचे ठरले. त्यामुळे सांडव्याखेरीजच्या खंडांची पाठ नेहमीच्या भारस्थायी धरणासारखी माथ्यापासून पायापर्यंत एकसारखी उतरत गेली नाही. माथ्यापासून सुमारे साडेछत्तीस मीटर खाली तिचा उतार एकदम बदलतो. खालचा भाग रुंद होत जातो, वरचा जवळजवळ उभा राहतो. स्थिर पाण्याचा दाब सोसण्यास ही आकृती पुरेशी होती. भूकंपाचा विचार त्या काळच्या रीतीप्रमाणे केला होता, म्हणजे धरणाच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका आडवा जोर गृहीत धरला होता. दख्खनचे पठार म्हणजे लाव्हारसाचा थिजलेला, भूकंपापासून निर्भय असा भाग, हा समज तेव्हा विद्वानांतही रूढ होता. त्या काळच्या अभियंत्यांना त्याबद्दल दोष देणे रास्त होणार नाही. जो समज शास्त्रातच होता तो त्यांच्या आकडेमोडीत उतरला इतकेच.

तलावात पाणी अडू लागल्यावर १९६२ पासून आसपासच्या गावांत बारीक हादरे आणि जमिनीतून येणारे आवाज जाणवू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ साली कोयना, सातारा, महाबळेश्वर व गोवळकोट येथे भूकंपमापन केंद्रे उभारली. हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला. तथापि त्यातच एक कायमची उणीवही राहून गेली. यंत्रे बसली ती हादरे सुरू झाल्यावर. त्यापूर्वी, म्हणजे तलाव नसताना, या खोऱ्यातील जमीन किती हलत होती हे सांगणारी जवळपासची यंत्रनोंद नाही. धरणामुळे भूकंप होतात की नाही, या पुढे पन्नास वर्षे चाललेल्या वादात ही रिकामी जागा पुनःपुन्हा आडवी आली. एक पक्ष म्हणे की तलाव होण्याआधी येथे हादरे नव्हते. दुसरा म्हणे की ते नव्हते असे नाही, ते मोजले गेले नव्हते. नोंदीचा अभाव हा घटनेच्या अभावाचा पुरावा नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास नव्याने सांगावयास नको. परंतु एखादी नोंद पाचच वर्षे आधी सुरू झाली असती तर केवढा वाद मिटला असता, याचे इतके ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का बसला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, मुख्य भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.३ होती. कोयनानगरातील बहुतेक घरे कोसळली, सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि दोन हजारांच्या आसपास जखमी झाली. वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे मुंबईच्या कारखान्यांपर्यंत त्याचा परिणाम पोचला. तलाव त्या वेळी बराच भरलेला होता. धरणाच्या पायाशी सुमारे ९१ मीटर खोलीचे पाणी उभे होते.

धरण फुटले नाही. पण उजाडल्यावर पाहणी करणाऱ्यांना सांडव्याखेरीजच्या उंच खंडांवर आडव्या भेगा दिसल्या. त्या पुढच्या व मागच्या अशा दोन्ही अंगांस होत्या आणि जेथे पाठीचा उतार बदलतो त्या पातळीच्या आसपास होत्या. काही खंडांमधील सांध्यांपाशी काँक्रीटचे कपचे उडाले होते, धरणाच्या पोटातील गॅलऱ्यांमध्ये गळती वाढली होती. सांडव्याचे खंड मात्र जवळजवळ अबाधित राहिले. कॉमेटच्या खिडकीचा कोपरा आणि कोयनेच्या पाठीचा कोन यांत येथे साम्य दिसते. पदार्थ निराळे, जोर निराळे, प्रमाण तर अगदीच निराळे. परंतु आकार जेथे एकाएकी बदलतो तेथे ताण साचतो, हा नियम दोहोंस लागू पडला.

या भेगा केवळ डोळ्यांनी दिसल्या असत्या तर त्यांचा अर्थ लावणे तर्काचे काम झाले असते. सुदैवाने धरणाच्या १-अ क्रमांकाच्या खंडातील गॅलरीत एक प्रवेगलेखक यंत्र बसविलेले होते आणि त्याने त्या पहाटेचा धक्का टिपून ठेवला. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट, त्यास काटकोनात, म्हणजे नदीच्या दिशेने, ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट, असे त्याचे कमाल आकडे होते. गृहीत धरलेला जोर ०.०५ पट होता. ज्या धक्क्यासाठी बांधले त्याच्या दसपटीच्या आसपासचा धक्का सोसून धरण उभे राहिले असे या आकड्यांवरून वरवर दिसते. परंतु ही तुलना सरळ नाही. गृहीत जोर हा सतत लावलेला स्थिर जोर होता, आलेखातील कमाल आकडा क्षणभराचा होता. शिवाय यंत्र मोकळ्या जमिनीवर नसून धरणाच्या अंगातच होते, तेव्हा त्याने टिपलेल्या हालचालीत धरणाची स्वतःची हालचाल कितपत मिसळली आहे याचाही विचार अभ्यासकांना करावा लागला. कोणत्याही कागदास लागणारी चिकित्सा या आलेखासही लागली. तो लिहिणारा कोण, कोठे बसून लिहीत होता, त्याला काय दिसत होते, हे प्रश्न यंत्रालाही चुकत नाहीत.

त्यानंतर चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे, हा आलेख घेऊन संगणकावर धरणाच्या कंपनाचा अभ्यास केला. ज्या पातळीवर भेगा पडल्या होत्या नेमक्या त्याच पातळीवर काँक्रीटच्या ताकदीपलीकडचा ताण निर्माण झाला असला पाहिजे, असे गणिताने दिसून आले. धरणाचे काँक्रीट लवचिकपणे हलते हे ध्यानात न घेता ठराविक स्थिर जोर धरून आराखडा करण्याची जुनी रीत अपुरी आहे, हा निष्कर्ष त्यातून पक्का झाला. चीनमधील शिनफेंगज्यांग धरणासही १९६२ साली भूकंपाने भेग पडली होती. परंतु कोयनेच्या बाबतीत धक्क्याचा आलेख, धरणाचे नेमके मोजमाप आणि भेगांची जागा या तिन्ही गोष्टी एकत्र उपलब्ध होत्या. म्हणूनच अर्धशतक उलटून गेले तरी जगात कोठेही काँक्रीट धरणाच्या भूकंपविश्लेषणाची नवी पद्धत निघाली की ती प्रथम कोयनेवर तपासून पाहतात. संगणकीय प्रणालींच्या मार्गदर्शिकांतसुद्धा पाटण तालुक्यातील हे धरण उदाहरणादाखल येते. एका गॅलरीत ठेवलेल्या यंत्राची ही कमाई होय.

दुरुस्तीचा इतिहासही ध्यानात घेण्यासारखा आहे. भेगांत इपॉक्सी राळ भरण्यात आली, ताणलेल्या पोलादी तारांनी वरचा भाग तात्पुरता आवळण्यात आला आणि नंतर सांडव्याखेरीजच्या उंच खंडांच्या पाठीस काँक्रीटचे आधार देऊन १९७३ पर्यंत ते कायमचे बळकट करण्यात आले. सांडव्याचा भाग १९६७ मध्ये अबाधित राहिला होता, म्हणून तो तेव्हा तसाच ठेवला गेला. पुढे अधिक कडक मानकांनी त्याची पुन्हा तपासणी झाली आणि २००३ ते २००६ या काळात त्याचेही बळकटीकरण झाले. पहिल्या व दुसऱ्या कामांत तीस वर्षांचे अंतर आहे. हे अंतर दिरंगाईचे मानावे काय? तसे सरसकट म्हणता येणार नाही. मधल्या काळात धक्क्यांची नोंद वाढत गेली, गणिताची साधने सुधारली आणि जे पूर्वी सुरक्षित ठरले होते ते नव्या कसोटीवर पुन्हा घासून पाहणे शक्य झाले. एकदा दिलेला निर्वाळा कायमचा नसतो, तो त्या त्या काळच्या ज्ञानापुरता असतो. हे ज्या खात्यास मान्य असते तेच खाते तीस वर्षांनी स्वतःच्याच जुन्या निर्णयाकडे वळून पाहू शकते. आपल्याकडील सार्वजनिक बांधकामांत ही वृत्ती दुर्मिळ आहे, म्हणून तिची येथे मुद्दाम दखल घेणे उचित होय.

जुन्या नोंदींच्या आधारेच तलाव आणि भूकंप यांचा संबंध हळूहळू स्पष्ट झाला. गुप्ता व रस्तोगी यांचा धरणे व भूकंप या विषयावरील ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे गुप्ता यांनी १९८३ साली असे दाखविले की कोयनेत पाच किंवा अधिक तीव्रतेचा धक्का येण्याआधी तलावाची पातळी एका आठवड्यात बारा मीटरांपेक्षा अधिक वेगाने वाढलेली असते. ती एक आवश्यक अट आहे. तेवढ्याने धक्का बसतोच असे मात्र नाही. येथे अभ्यासकाने थोडे थांबावे. तलावाची रोजची पातळी लिहिणारा कर्मचारी ती सिंचनाच्या व विजेच्या हिशेबासाठी लिहीत होता. भूकंपशास्त्राचा नियम आपल्या वहीतून निघेल याची त्यास कल्पनाही नसावी. पटवर्धनांच्या कारकुनाने फौजेच्या खर्चाचा जमाखर्च लिहिला आणि दीडशे वर्षांनी खरेशास्त्र्यांनी त्यातून राजकारण उलगडले, तसाच हा प्रकार आहे.

सांगली जिल्ह्याचा संबंध येथे दोन वाटांनी येतो. पहिली वाट वारणेची. शिराळा तालुक्यात चांदोली येथे वारणा नदीवर सुमारे ऐंशी मीटर उंचीचे मातीचे धरण झाले आणि १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले. कोयनेच्या दक्षिणेस असलेल्या या नव्या तलावाच्या परिसरात पुढे भूकंपांचे प्रमाण वाढले. १९९३ च्या ऑगस्टपासून तेथे पाचच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाल्यामुळे लोकांच्या मनात साऱ्याच धक्क्यांची सरमिसळ झाली. वारणेचे धक्के मात्र कोयनेच्या भूकंपक्षेत्राचाच दक्षिणेकडील विस्तार होते. कोयनेच्या उदाहरणामुळे या क्षेत्रात यंत्रे आधीच होती, म्हणून १९६३ पूर्वीची कोरी जागा येथे पडली नाही. नोंदीची परंपरा एका धरणाकडून दुसऱ्याकडे गेली असे म्हणता येईल.

काँक्रीटचे धरण आणि मातीचे धरण यांचे म्हातारपण मात्र एकसारखे नसते. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणारच. ते किती पाझरते याहून ते कसे आहे हे महत्त्वाचे. पाझर स्वच्छ असेल तर सहसा चिंता नसते; तो गढूळ झाला की धरणाच्या पोटातली माती वाहून जाऊ लागली असे समजावे लागते. काँक्रीटच्या धरणात याच्या उलट एक फसवा प्रकार घडतो. पायातील पाण्याचा उचल-दाब कमी राहावा म्हणून निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. काँक्रीटमधून पाझरताना पाण्यात विरघळलेला चुना या छिद्रांत साचतो आणि ती हळूहळू बुजतात. मग गॅलरीतील गळती कमी होते. वरवर पाहणाऱ्यास ही सुधारणा वाटते. प्रत्यक्षात पाणी बाहेर येण्याऐवजी पायाखाली दाबून राहिलेले असते. म्हणून यंदाची गळती किती, एवढाच आकडा निरुपयोगी असतो. तलावाच्या याच पातळीस गेल्या वर्षी किती होती, दहा वर्षांपूर्वी किती होती, हे समोर असल्याखेरीज त्या आकड्यास वाचा फुटत नाही.

संस्थात्मक व्यवस्था यानंतर आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटून पुण्यात हाहाकार झाला, त्यापाठोपाठ कोयनेचा भूकंप झाला; परंतु महाराष्ट्रात धरण सुरक्षितता संघटना नाशिक येथे स्थापन झाली ती १९८० साली. धरणाच्या जागेवरील अभियंत्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ठराविक प्रपत्रांत पाहणी करावी, आढळलेल्या उणिवांचे महत्त्वानुसार वर्गीकरण व्हावे आणि त्यांचा पाठपुरावा व्हावा, अशी घडी तीतून बसली. केंद्राचा धरण सुरक्षा अधिनियम २०२१ च्या अखेरीस अमलात आला. पावसाळ्याच्या आधीच्या व नंतरच्या तपासण्या, मोठा पूर किंवा भूकंप यांनंतरची विशेष तपासणी, प्रत्येक धरणाची नोंदवही आणि ठराविक काळाने तज्ज्ञांकडून समग्र मूल्यमापन या गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. जे पूर्वी खात्याच्या शिस्तीचा भाग होते ते आता कायद्याचा भाग झाले.

तथापि प्रपत्र भरणे आणि ते वाचणे यांत अंतर आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री कोयनेच्या पश्चिमेस, घाटाखाली, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे लहान धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. ते बांधून होऊन वीस वर्षेही नीट झाली नव्हती. गळतीविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या. त्या पुलाची तपासणी त्याच वर्षी मे महिन्यात झाली असून तो वाहतुकीस योग्य ठरविला गेला होता, असे सरकारनेच नंतर सांगितले. ही दोन उदाहरणे कोयनेशेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वीस वर्षांचे धरण जाते, तपासलेला पूल जातो, आणि भेगा पडलेले धरण अर्धशतकाहून अधिक काळ उभे राहते. फरक केवळ वयाचा नाही, आणि तपासणी झाली की नाही एवढ्याचाही नाही. कोयनेच्या बाबतीत भेग कोठे होती, किती होती व तिच्यावर काय केले, हे सांगणारा अखंड धागा आहे आणि तो धागा पुढच्या माणसाने हाती धरला.

सांगलीकडे येणारी दुसरी वाट कृष्णेची. कोयना कराडास कृष्णेला मिळते, पुढे कृष्णा सांगलीस जाते आणि हरिपूरजवळ वारणा तिला मिळते. धरणाच्या सहा दरवाजांपैकी किती, केव्हा व किती फुटांनी उचलले याची नोंद कोयनानगरात होते; तिचा परिणाम सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या मोजपट्टीवर दिसतो. या पट्टीवर ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका समजतात. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या आसपास गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले. त्या पुरानंतर दोष कोणाचा यावर मोठा वाद माजला. कोणी कोयनेच्या विसर्गास दोष दिला, कोणी कर्नाटकातील अलमट्टीच्या फुगवट्यास, कोणी अभूतपूर्व पावसास. शासनाने वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा वादात धरणाच्या दरवाजांची नोंदवही ही साक्षीदार ठरते, आणि म्हणून ती केवळ अभियंत्याच्या सोयीची वस्तू राहत नाही. ज्याचे घर पाण्यात गेले त्या सांगलीच्या नागरिकालाही तीत काय लिहिले आहे हे जाणण्याचा अधिकार पोचतो. येथे गोपनीयतेच्या सबबी पुष्कळदा पुढे केल्या जातात. त्या दरवाजांच्या जुन्या नोंदींना लागू पडाव्यात असे काही दिसत नाही.

या दप्तराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने काही अडचणी ध्यानात ठेवाव्यात. कोयनेचे मूळ आराखडे फूट-इंचांत आहेत, पुढील काम मीटरांत आहे. तलावाची पातळी आजही वृत्तपत्रांत फुटांत छापली जाते आणि साठा अब्ज घनफुटांत सांगितला जातो. दरवाजांवर झडपा बसवून साठवण सुमारे ९९ वरून १०५ अब्ज घनफुटांपर्यंत वाढविलेली असल्यामुळे ‘धरण भरले’ या शब्दांचा अर्थही कालपरत्वे बदललेला आहे. मोडी कागदातील शुहूर सन व शक यांचा मेळ घालावा तसाच हा मेळ घालावा लागतो. तो न घातल्यास दोन वर्षांच्या गळतीची तुलना फसण्याचा संभव असतो.

भूकंपाचा स्वतःचा इतिहास लिहिण्याचे कामही चालू आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे भूभौतिक प्रयोगशाळा स्थापन केली आणि २०१६-१७ मध्ये पाटण तालुक्यातील गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे चाचणी विवर खोदले. दख्खनी कातळाचे थर ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटसारख्या प्राचीन खडकात उतरले. आजवर धक्क्यांची नोंद जमिनीच्या पृष्ठभागावरून होत असे. जेथून धक्के उगम पावतात त्या खोलीच्या जवळ जाऊन खडकाचे तापमान, त्यातील ताण आणि पाण्याचा दाब पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्याच्या आलेखांची दप्तरे कराडास जमू लागली आहेत.